फरकाचे पैसे आणि तांदळाचे दाणे

पत्र (थोडं आटोपशीर करून) :

"ताई, वय ४१. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा परभणीपासून बावीस किलोमीटर, रोज स्कूटीवर जाऊन-येऊन. जानेवारीपासून पळायला लागले. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर सुरुवातीला शंभर पावलांत दम लागायचा. ऑगस्टमधल्या एका रविवारी चौदा किलोमीटर पळाले आणि त्याच जोशात डिसेंबरच्या एकवीस किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनला नाव घातलं. गणपतीनंतर मात्र सगळा हुरूपच गेला. पाच किलोमीटरसुद्धा होईनात. गजर वाजतो, मी बंद करते. आमचे हे म्हणतात, 'चार दिवसांचं खूळ होतं, उतरलं.' महागाई भत्त्याच्या फरकाचे वीस हजार आलेत. मैत्रीण म्हणते घड्याळ घे, आकडे दिसले की आपोआप पळावंसं वाटतं. दुकानदार म्हणतो कार्बन प्लेटचे बूट घ्या. काय घेऊ? आणि प्रेरणा टिकवू कशी? आपल्या अविनाश साबळेंचे व्हिडिओ रोज बघते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

ता. क. : हल्ली जिना चढतानाही धाप लागते. पाळीत अंगावरून फार जातं, वय झालं असेल. आणि एक गंमत सांगते, शाळेत सगळ्या मला हसतात, कारण खिचडीचे तांदूळ निवडताना मी कच्चे दाणे तोंडात टाकत बसते. सवयच लागलीये."

– नाव छापू नका, परभणी

बाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वरून खाली आणि ताजा कलम वाचल्यावर खालून वर. घड्याळ, बूट, प्रेरणा यांवर तुम्ही दीड पान लिहिलंत आणि खरी गोष्ट शेवटच्या चार ओळींत गंमत म्हणून टाकलीत. शाळेतल्या बाया हसतात तर हसू द्या, मला मात्र ते तांदळाचे दाणे वाचून हसू आलं नाही. कच्चे तांदूळ, खडू, माती, बर्फ असलं काहीतरी सारखं चघळावंसं वाटणं हे अंगातलं लोह कमी झाल्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. त्याच्या जोडीला जिन्यावरची धाप आहे, पाळीतला जास्तीचा रक्तस्राव आहे. ऑगस्टमध्ये चौदा किलोमीटर पळणारी बाई दोन महिन्यांत पाचावर येते, तेव्हा तिच्या मनाआधी तिचं रक्त तपासायला हवं.

मी डॉक्टर नाही. अंबाजोगाईत ग्रंथपाल म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, पंचेचाळिशीनंतर पळायला लागलेली बाई आहे. पण या वाटेनं मी स्वतः गेले आहे, म्हणून एवढं ठासून लिहिते. मला तांदळाचं नाही, पाटीवरच्या पेन्सिलीचं वेड लागलं होतं. शेहेचाळिसाव्या वर्षी मी दुकानात जाऊन "भाचीला हव्यात" म्हणून पेन्सिलींचा डबा आणायचे आणि कपाटाच्या आड उभी राहून खायचे. मुकुंदराजांच्या समाधीकडच्या चढावर पाय शिशाचे व्हायचे. मला वाटलं बूट जड आहेत, म्हणून नवे घेतले. तेही जड वाटले, म्हणून तिसरे घेतले. एका डॉक्टरांनी "या वयात चालायचंच" म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. पुढं वर्षभरानं दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि आधी तपासणीला पाठवलं. हिमोग्लोबिन ८.६ निघालं. ते सगळं वर्ष मी स्वतःला आळशी म्हणत होते.

तेव्हा फरकाच्या पैशांतून पहिला खर्च लॅबमध्ये करा. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, करून घ्या आणि सोबत फेरिटिन, म्हणजे अंगात साठवलेल्या लोहाची तपासणी, आवर्जून सांगा, कारण न सांगता ते बहुधा कुणी करत नाही. दोन्हींत फरक आहे. हिमोग्लोबिन म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यातली ज्वारी, फेरिटिन म्हणजे पेवातली. पेव रिकामं होत आलं तरी डबा काही दिवस भरलेला दिसतो, म्हणून नुसता डबा बघून भागत नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे पेव झाडूनपुसून साफ. ३० च्या खाली असलं तरी, विशेषतः पळणाऱ्या बाईच्या बाबतीत, जाणकार डॉक्टर दुर्लक्ष करत नाहीत. शाकाहारी असाल तर बी-१२ पण बघा आणि रक्त देतच आहात तर थायरॉइडही. यात लाजण्यासारखं काही नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे तुमच्या शिक्षक खोलीत तुम्हाला हसणाऱ्यांमध्येही दोघी-तिघी असतील.

रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जा. मेडिकलवाल्याकडं नको. गोळ्यांनी पेव भरायचं आणि खालून पोतं फाटकंच ठेवायचं, याला अर्थ नाही. चाळिशीत अंगावरून जास्त जाण्यामागं गर्भाशयातल्या गाठी असू शकतात, हार्मोन्सची उलथापालथ असू शकते. सोनोग्राफीत बरंचसं कळतं. "वय झालं असेल" हे निदान तुम्ही स्वतःच करून टाकलंय, ते आधी खोडा. लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकटही मिळतात, पण किती आणि किती दिवस हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. शौचाला काळं होतं, कधी पोट बांधतं, म्हणून आठवड्यात गोळ्या सोडणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. डबा भरायला साधारण दोन महिने लागतात, पेव भरायला त्याहून जास्त.

पळणाऱ्यांचं लोह इतरांपेक्षा जरा जास्तच खर्ची पडतं. काही घामातून जातं. तळपाय जमिनीवर हजारो वेळा आपटतो, त्यात थोड्या तांबड्या पेशी फुटतात. शिवाय दमवणाऱ्या व्यायामानंतर काही तास शरीरात हेप्सिडिन नावाचं एक हार्मोन वाढतं आणि ते आतड्याला लोह घेऊ देत नाही. त्यात आपल्याकडची चहाची तऱ्हा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण शिक्षक खोली मला माहीत आहे. डबा खाल्ला की लगेच चहा. जेवणातलं लोह तो चहा तिथंच अडवतो. जेवण आणि चहा यांच्यात एक तासाचं अंतर ठेवा आणि पानात लिंबाची फोड घ्या, कारण आंबटातल्या क जीवनसत्त्वानं भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागतं. पेरूचे दिवस येताहेत, आवळाही येईल. अळिवाचे लाडू बाळंतिणीचे म्हणून बाजूला ठेवू नका, तुम्हीही खा. गुळाबद्दल मात्र आपल्या आज्या जरा जास्तच बोलून गेल्या. गूळ खाऊन रक्त वाढवायचं तर आधी साखर वाढेल. लोखंडी कढईत भाजी करणं हे त्यांचं दुसरं सांगणं खरं होतं. आणि नवरात्रात उठता-बसता उपवास करण्याऐवजी नऊ दिवस साबुदाणा आणि चहावर काढले असतील, तर पुढच्या वर्षी देवीला सांगून टाका की यंदा जमणार नाही. योगेश्वरीच्या गावची बाई सांगतेय, देवी ऐकते.

रिपोर्ट येईपर्यंत पळणं बंद, चालणं चालू. रोज अर्धा तास, धाप लागणार नाही इतपत. बसल्या जागी छाती धडधडली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर रिपोर्टची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.

आता साबळ्यांविषयी. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, शाळेसाठी रोज सहा किलोमीटर पायी जायचा-यायचा, पुढं सैन्यात गेला, सियाचिनला राहिला, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रुपेरी पदक आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सोनं आणलं. २०२४ च्या जुलैत पॅरिसला त्यानं तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत काढली. अभिमान मलाही आहे, बीड जिल्ह्याची आहे मी. पण त्याचे व्हिडिओ तुम्हाला काय शिकवणार? पळणं हीच त्याची नोकरी आहे. त्याच्या झोपेचं, जेवणाचं, रक्ताचं बघायला माणसं नेमलेली असतात. तुमच्याकडं दोन डबे, वर्गातली तीस-पस्तीस लेकरं आणि चव्वेचाळीस किलोमीटरची स्कूटी आहे. ते व्हिडिओ बघून उठलात आणि पाय उचलले नाहीत की दोष स्वतःलाच देणार. महिनाभर ते बंद ठेवा.

वीस हजारांत काय घ्यायचं, हे तुम्ही खरं विचारलंत. लॅब आणि डॉक्टर वजा जाता बरेच उरतील.

घड्याळ नको. निदान आत्ता नको. अंतर मोजायला फोन पुरतो. मनगटावरचं घड्याळ कातडीतून उजेड टाकून ठोके मोजतं, ते सैल बसलं किंवा हात फार हलला की भलतेच आकडे दाखवतं. तुमच्याकडं त्याहून पक्कं साधन आहे. पळताना सतराचा पाढा मोठ्यानं म्हणा. मध्ये न थांबता सतरा दाहे सत्तराशेपर्यंत गेलात तर वेग बरोबर. सतरा चोक अडुसष्टलाच श्वास तुटला तर हळू व्हा. आठवड्यातलं बहुतेक सगळं पळणं याच वेगात व्हायला हवं. मला दाट शंका आहे की तुम्ही रोज जीव खाऊन पळत होतात, कारण नवीन माणसाला हळू पळणं म्हणजे फसवणूक वाटते. तसं पळून कुणाचाही हुरूप तीन महिन्यांत जातो, रक्त भरलेलं असलं तरी.

कार्बन प्लेटचे, म्हणजे तळात कार्बनची कडक पट्टी बसवलेले, बूट तर मुळीच नकोत. केनियाच्या किपचोगेनं १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात ४२ किलोमीटर दोन तासांच्या आत काढले ते तसल्याच बुटांवर, खरं आहे. पण ती प्लेट आणि तो उसळणारा फोम कामाला येतो तो वेगात. तुमच्या-माझ्या वेगाला तो बूट नुसता उंच आणि डगमगता, घोटा मुरगळायला बरा. शिवाय लवकर बसतो. साधे, गादी असलेले रोजचे बूट घ्या. संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात तेव्हा. पळायचे मोजे घालूनच माप बघा. पुढं अंगठ्याएवढी जागा सुटली पाहिजे. बायकांच्या मापात पंजा आवळत असेल तर पुरुषांच्या रांगेतला बूट बिनधास्त मागा, माझे सगळे तसलेच आहेत. एक जोड पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतो. पहिल्या दिवसाची तारीख जिभेच्या आत पेनानं लिहून ठेवा. आणि पावसाळ्यात विद्यापीठाचा डांबरी रस्ता सोडून शेताच्या कडेनं पळायचा मोह आवरा. आपली काळी माती एका पायाला अर्धा किलो चिकटते आणि धुवून उन्हात टाकलेल्या बुटाचा डिंक सुटतो. बूट सावलीत, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून वाळवायचे. मोजे सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत आणि परभणीच्या दुकानात पुरुष विक्रेत्यासमोर विचारणारही नाहीत, ते. बुटाइतकाच, माझ्या मते त्याहून जास्त, पैसा चांगल्या स्पोर्ट्स ब्रावर घाला. एक नाही, दोन. पळताना स्तन वर-खाली, डावी-उजवीकडं आणि पुढं-मागंही हलतात. त्यांना आतून धरणारे तंतू नाजूक असतात. साध्या ब्रामध्ये दहा किलोमीटर म्हणजे दुखणं, पट्ट्यांचे वळ आणि नकळत पुढं झुकलेले खांदे. मग पाठ दुखते आणि आपण बुटाला दोष देतो. अंग भरलेलं असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या धरणारी घ्या, नुसती आवळून सपाट करणारी नको. खालच्या पट्ट्यात जेमतेम दोन बोटं जावीत, कारण खरा आधार त्या पट्ट्याचा, खांद्यावरच्या पट्ट्यांचा नाही. दुकानातच जागच्या जागी वीस उड्या मारून बघा. दुकानात जायचा संकोच वाटत असेल तर घरी मागवा, नाही बसली तर परत करा. हातानं धुवा, सावलीत वाळवा. शिवण जिथं घासते तिथं पळण्याआधी खोबरेल तेल लावा. हे सगळं मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या एकवीस किलोमीटरनंतर अंघोळीचं पाणी अंगावर घेतलं आणि ओरडले, तेव्हा कळलं.

तिसरी वस्तू म्हणजे दिवे. डिसेंबरात आपल्याकडं पावणेसातच्या सुमारास उजाडतं आणि तुम्हाला शाळा गाठायची म्हणजे अंधारातच पळणार. विद्यापीठाच्या आवारात ठीक आहे. पण हमरस्त्यावर या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात, दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. कपाळावर एक दिवा, कमरेला मागं लुकलुकणारा तांबडा, आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशी रस्त्याची उजवी बाजू. कानात काही घालू नका. काळी ओढणी घरी ठेवा. टी-शर्ट-ट्रॅक घालायचं धाडस अजून होत नसेल तर सलवार-कुडत्यात पळा, फक्त सलवार घोट्याला आवळलेली हवी.

कुत्र्यांचं सगळेच विचारतात. कुत्रं धावून आलं की पळणं थांबवा, चालू लागा, पाठ दाखवू नका. चावलंच तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात साबणानं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जा, हळद-चुना भरत बसू नका.

एनर्जी जेल, पट्टे, पाण्याचं जाकीट, पिंडऱ्यांचे मोजे यातलं काही लागणार नाही. तासाभराहून जास्त पळाल तेव्हा चार-पाच खजूर खिशात ठेवा. पाण्यात ओआरएस, नाहीतर घरचंच : एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तहान लागेल तसं प्यायचं. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही धोक्याचंच.

डिसेंबरची शर्यत. मी तुमच्या जागी असते तर एकवीस सोडून दिलं असतं. आयोजकांना लिहा, अंतर बदलून दहा करता येतं का विचारा. बऱ्याच ठिकाणी मुदतीत करून देतात. नाही दिलं तर प्रवेशशुल्क गेलं म्हणायचं. डॉक्टरांनी हो म्हटलं तर दहा किलोमीटर चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असं करत पूर्ण करा. चालण्यात कमीपणा नाही, मी आजही तसंच करते. एकवीस पुढच्या हिवाळ्यात. मार्च ते जून आपल्या उन्हात लांब पळायचं नावही काढायचं नाही, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पहाटेसुद्धा हवा तापलेली असते.

प्रेरणेचा प्रश्न मी मुद्दाम मागं ठेवला. लोह भरून आल्यावर त्यातलं कितीसं उरतं ते बघू. माझ्या बाबतीत सातव्या की आठव्या आठवड्यात एका सकाळी मुकुंदराजाचा चढ संपला आणि मला तो संपल्याचं वर गेल्यावर कळलं. पेन्सिलींची आठवणही त्याच सुमारास गेली, कधी गेली ते सांगता येणार नाही. तरीही गजर बंद करावासा वाटणारच, तो सगळ्यांनाच वाटतो. त्याला एकच गोष्ट लागू पडलेली मी पाहिलीय : कोपऱ्यावर दुसरी बाई उभी असणं. ती तुमच्याहून हळू असली तर अधिक चांगलं. शिक्षक खोलीत जी सगळ्यात मोठ्यानं हसते तिला विचारून बघा, तीही बहुधा कशानं तरी दमलेलीच असेल.

आणि तुमच्या ह्यांना माझं हे उत्तर वाचायला द्या. खूळ उतरलं म्हणाले ना? त्यांना म्हणावं, सोनोग्राफीच्या दिवशी सकाळचे दोन डबे तुम्ही करा.

रिपोर्ट आला की हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, दोन्ही आकडे लिहून पाठवा. घड्याळाचं तेव्हा बोलू.

– ताई